के-पर्यंतचं इंग्रजी

इंग्रजी बोलायला शिकायचं नक्की झाल्यावर भाऊसाहेबांनी सर्वांत आधी नव्या पुस्तकावर 'प्राप्त' असा शिक्का मारला, खाली तारीख घातली आणि सही केली. मग पुस्तक मिटून कपाटावर ठेवलं.

"झालं शिकून?" बायकोने विचारलं.

"आज फक्त आवक," भाऊसाहेब म्हणाले. "अभ्यास उद्यापासून."

यावरून कुणाला वाटेल की भाऊसाहेब गमत्या स्वभावाचे असावेत. तसं काही नाही. पाणीपुरवठा खात्याच्या कचेरीत हयात घालवलेल्या या हेडक्लार्कने आयुष्यात एकदाच विनोद केला होता आणि त्याचा खुलासा त्यांना वरिष्ठांकडे लेखी द्यावा लागला होता. तेव्हापासून ते जे काही बोलत आणि करत, ते सगळं मनापासून. कचेरीत सगळे त्यांना दबून असायचे ते याचमुळे. आलेला प्रत्येक कागद भाऊसाहेबांच्या हातून जायचा, त्यावर नंबर पडायचा, तो गठ्ठ्याच्या तळाशी जायचा आणि वरचे सगळे निघाल्याशिवाय वर यायचा नाही. बाकी काही चालत नसे. ओळख सांगणारे आले, रडणारे आले, पांढऱ्या गाडीतून उतरणारेही आले. भाऊसाहेबांचं उत्तर एकच, "क्रमाने." सख्ख्या मेहुण्याच्या नळजोडणीचा अर्ज त्यांनी स्वतःच्या हाताने तळाशी सारला होता, आणि त्यानंतर सासरच्या एका लग्नात त्यांना जेवायच्या पंगतीतही शेवटी बसवण्यात आलं होतं. भाऊसाहेबांना त्यात वावगं काही वाटलं नाही. उलट व्यवस्था चोख आहे असं ते म्हणाले.

आता अशा माणसाला इंग्रजी बोलायची अवदसा का आठवावी? तर दारासाठी.

भाऊसाहेबांचं टेबल मोठ्या हॉलमध्ये होतं, पाण्याच्या कूलरच्या आणि स्वच्छतागृहाच्या बरोबर मध्ये. म्हणजे पाणी प्यायला जाणारा आणि त्याचा परिणाम म्हणून पुढे जाणारा, दोघेही त्यांच्या टेबलाला हात टेकून जात. कुणी ओला पेला फायलीवर ठेवी. कुणी आतून येऊन हात झटके. समोर अधीक्षकांची खोली. त्या खोलीला दार होतं. अधीक्षक दार लावून घेत आणि आत काय करत हे कुणालाही माहीत नव्हतं, यातच त्या पदाची सगळी शान होती. हे अधीक्षक आता निवृत्त होणार होते आणि सेवाज्येष्ठतेने ती खुर्ची भाऊसाहेबांची होती. मनातल्या मनात त्यांनी पडद्याचा रंगसुद्धा ठरवला होता.

तेवढ्यात मुख्यालयाचं परिपत्रक आलं. गावातले सगळे मीटर बदलण्याचं काम एका परदेशी कंपनीला दिलं आहे, त्यांचे इंजिनिअर याच कचेरीत बसणार आहेत, सबब सेवाज्येष्ठता बाजूला ठेवून अधीक्षकपदाच्या उमेदवारांची 'दैनंदिन इंग्रजी संभाषण, विशेषतः फ्रेझल व्हर्ब्ज व घरगुती शब्दसंग्रह' या विषयाची तोंडी परीक्षा होईल. परिपत्रक भाऊसाहेबांच्याच हातात पडलं. त्यांनी त्याला नंबर दिला, तळाशी सारलं आणि मग घाम पुसला.

इंग्रजी त्यांना येत नव्हतं असं नाही. कागदावरचं येत होतं, आणि ते भलतंच भारदस्त होतं. 'हिअरविथ', 'फोर्थविथ', 'अफोरसेड' असे शब्द त्यांच्या पत्रात शिपायासारखे रांगेत उभे असत. त्यांचं पत्र आलं की ठेकेदार आधी पाणी पीत आणि मग वाचत. पण तेच इंग्रजी तोंडातून काढायची वेळ आली की भाऊसाहेबांना खोकला येई. आयुष्यात एकदाच एका गोऱ्या पाहुण्याने त्यांना वेळ विचारली होती, तेव्हा त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून त्याच्या हातात दिलं होतं.

खरी डोकेदुखी वेगळीच होती. दुसरा उमेदवार म्हणजे टायवाला, कचेरीत टाय लावून येणारा एकटाच म्हणून पडलेलं नाव. हा परवा-परवा लागलेला पोरगेला क्लार्क. फायलीची नाडी कशी बांधायची हे त्याला भाऊसाहेबांनी शिकवलं होतं. त्याला एक पत्र धड लिहिता येत नसे. मुख्यालयाला पाठवलेल्या पहिल्याच पत्राची सुरुवात त्याने 'हाय' अशी केली होती, आणि हे 'हाय' नावाचे अधिकारी कोण, अशी मुख्यालयाकडून विचारणा झाली होती. पण बोलायला लागला की इंग्रजी असं धो धो वाहायचं की बाहेरच्या नळाला लाज वाटावी. तो अधीक्षक झाला, तर भाऊसाहेबांना त्याच्या दारावर टकटक करून, परवानगी मागून, फाईल घेऊन उभं राहावं लागणार होतं. आणि 'सर' म्हणावं लागणार होतं. या एका शब्दासाठी माणूस कुठल्याही वयात कुठलीही भाषा शिकेल.

परीक्षेच्या अर्जापासूनच शोभा सुरू झाली. अर्जासोबत दाखला हवा होता, की उमेदवाराला इंग्रजी संभाषणाची तोंडओळख आहे. दाखला देणाऱ्याला इंग्रजी बोलता येत असलं पाहिजे, अशी अट. अख्ख्या कचेरीत ते एकालाच येत होतं. भाऊसाहेब टायवाल्याच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले. त्याने न वाचता सही ठोकली आणि म्हणाला, "चिल, भाऊसाहेब!" त्या शब्दाचा अर्थ भाऊसाहेबांनी घरी मुलीला विचारला. मुलीने सांगितला. त्या रात्री ते कमी जेवले.

आता पुस्तकाकडे वळू. 'रोजचं इंग्रजी' नावाचं ते जाडजूड पुस्तक म्हणजे फ्रेझल व्हर्ब्जची एबीसीडीप्रमाणे लावलेली यादी होती. ती उघडताच भाऊसाहेबांना आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. यादी आहे, क्रम आहे, मग भीती कसली? त्यांनी ए-पासून सुरुवात केली.

"बाबा, असं नसतं शिकायचं," कॉलेजातली मुलगी म्हणाली. "रोज लागणारे आधी घ्या ना. वेक अप, सिट डाऊन, टेक ऑफ, टर्न ऑन..."

"डब्ल्यू?" भाऊसाहेब दचकले. "ए अजून टेबलावर पडलाय, आणि डब्ल्यूला आत घेऊ?"

"अहो, शब्द आहेत ते. अर्जदार नाहीत."

"आज शब्दाला आत घेतलं, उद्या माणसाला घ्याल. सवय इथूनच लागते."

मुलीने हात टेकले. भाऊसाहेबांनी मात्र एक एक शब्द निकाली काढायला सुरुवात केली. पाठ झाला की त्यापुढे बरोबरची खूण, सही. शंका असली की शब्द प्रलंबित. आणि शंका तर पावलोपावली. हे फ्रेझल व्हर्ब प्रकरण त्यांना तत्त्वतःच पटत नव्हतं. साधा 'ब्रेक' घ्या. त्याच्या शेजारी 'अप' येऊन बसला की ठरलेलं लग्न मोडतं. 'डाऊन' बसला की मोटार रस्त्यात बंद पडते. 'इन' बसला की घरात चोर शिरतो आणि 'आऊट' बसला की गावभर साथ पसरते. साहेब तोच, नुसता बाजूचा शिपाई बदलला, तर एवढे अनर्थ? "हे मंजूर केलं कुणी?" ते घरातल्या भिंतीला विचारत. "ठराव दाखवा म्हणावं."

सल्ला देणाऱ्यांची वाण नव्हतीच. न्हावी म्हणाला, इंग्रजी सिनेमे बघा, खाली लिहूनही येतं. भाऊसाहेबांनी एक लावला. पहिल्याच प्रसंगात नायकाने 'वॉच आऊट' असं ओरडून शेजारच्याला ढकललं. डब्ल्यू! भाऊसाहेबांनी टीव्ही बंद केला. पण सल्लागारांचे मेरुमणी म्हणजे खालच्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर. मॅनेजरसाहेबांना इंग्रजीचा भारी अभिमान. ते कुत्र्याशीही इंग्रजीतच बोलत, आणि कुत्रा त्यांचं ऐकत नसे हा भाग वेगळा.

"भाऊसाहेब, थिंक इन इंग्लिश!" जिन्यात गाठून ते म्हणाले. "विचारच इंग्रजीत आला पाहिजे. आणि घरातल्या वस्तूंची नावं? ती येतात का? गाळणीला काय म्हणता?"

भाऊसाहेबांना 'जलशुद्धीकरण संयंत्र' इंग्रजीत लिहिता येत होतं, 'गाळणी' येत नव्हती.

"सांडशी? पायपुसणं? खुंटी? अरेरे," मॅनेजरसाहेब हळहळले. "घराला लेबलं लावा. आणि रोज एक तास घरात फक्त इंग्रजी. माझ्या घरी वर्षानुवर्षं हाच नियम आहे."

त्यांच्या घरी त्या तासाला त्यांची बायको शेजारी गप्पा मारायला जाते, हे त्यांनी सांगितलं नाही.

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी घरातल्या यच्चयावत वस्तूंवर कचेरीच्या डिंकाने चिकटवलेल्या चिठ्ठ्या झळकू लागल्या. गाळणीवर चिठ्ठी, खुंटीवर चिठ्ठी, केरसुणीवर चिठ्ठी. बायकोच्या चष्म्याच्या घराला चिठ्ठी लावताना भाऊसाहेब पकडले गेले तेव्हा ती म्हणाली, "माझ्या कपाळाला पण लावा एक, म्हणजे विसरणार नाही." भिंतीवर गृहपरिपत्रक लागलं: संध्याकाळी एक तास फक्त इंग्रजी. आपल्या भाषेतला एकही शब्द उच्चारणाऱ्याने रात्रीची भांडी घासायची. खाली भाऊसाहेबांची सही.

पहिल्याच संध्याकाळी गरम पातेल्याला हात लागून भाऊसाहेब शुद्ध मातृभाषेत किंचाळले. भांडी त्यांनी घासली. दुसऱ्या संध्याकाळी बायकोने वाढलंच नाही. ती समोर शांत बसून राहिली. भाऊसाहेबांनी ताटाकडे बोट दाखवलं. मुलीने आईला एक शब्द शिकवून ठेवला होता आणि त्या एका शब्दावर त्या बाईने पुढचा सगळा इंग्रजी काळ निभावला.

"पार्डन?" बायको म्हणाली.

भाऊसाहेबांनी पुन्हा बोट दाखवलं.

"पार्डन?"

ए-मधल्या एकाही शब्दाने भात वाढला जात नाही हे त्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं. तरी त्यांनी क्रम सोडला नाही. तास संपेपर्यंत पाणी पिऊन बसले.

आणि मग तो नळाचा दिवस आला. भाऊसाहेब तेव्हा बी-मध्ये होते आणि न्हाणीघरातही होते. इंग्रजीचा तास नुकताच लागला होता. त्यांनी नळ फिरवला आणि नळाचा वरचा भाग त्यांच्या हातात आला. पाणी जे सुटलं ते थेट समोरच्या भिंतीवर. घरातलं पाणी बंद करायची मुख्य चावी स्वयंपाकघरात, ओट्याखाली. आणि ओट्यापाशी बायको.

आता दोन शब्दांचं काम होतं. 'चावी फिरव.' लहान मूलही ओरडलं असतं. पण बाहेर भिंतीवर स्वतःच्या सहीचं परिपत्रक होतं. भाऊसाहेबांनी डोक्यात शोधाशोध केली. हव्या असलेल्या शब्दाची जागा टी-मध्ये होती, हे त्यांना पक्कं माहीत होतं. टी-ची अजून आवकही झाली नव्हती.

"ब्रेक ऑफ!" ते ओरडले.

"पार्डन?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"ब्रेक आऊट! ब्लो अप! बर्स्ट आऊट!"

"पार्डन?"

पाणी गुडघ्याला लागतंय असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात घोट्यालाच होतं, पण माणूस घाबरला की पातळी वाढते, हे पाणीपुरवठा खात्यातल्या माणसाला काय सांगायचं. शेवटी त्यांनी आपलं ठेवणीतलं इंग्रजी काढलं आणि जीव खाऊन आरोळी ठोकली, "काइंडली डिसकन्टिन्यू द सप्लाय फोर्थविथ!"

बायको न्हाणीघराच्या दारात आली. पाण्याकडे पाहिलं, हातात नळ घेऊन उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं आणि अत्यंत प्रेमाने विचारलं, "पार्डन?"

"अगं, मेलो! चावी बंद कर!"

"भांडी तुमच्याकडे," असं म्हणून ती चावी बंद करायला गेली. हे ती आपल्या भाषेत बोलली, पण ते दाखवून द्यायची भाऊसाहेबांची छाती झाली नाही.

तोपर्यंत पाणी जिन्यावरून उतरलं होतं. सोबत चिठ्ठ्याही. 'बकेट', 'मॉप' आणि 'टॉवेल' अशा तीन चिठ्ठ्या मॅनेजरसाहेबांच्या उंबऱ्याला जाऊन लागल्या. वस्तू मात्र एकही गेली नाही. त्यांच्या दिवाणखान्याच्या छतातून पाणी ठिबकत होतं, गालिचा भिजला होता आणि कुत्रा पहिल्यांदाच त्यांचं ऐकून सोफ्यावर चढला होता.

मॅनेजरसाहेब भांडायला आले नाहीत. इंग्रजी येणारी माणसं भांडत नाहीत, तक्रार करतात. दोन दिवसांनी त्यांची तक्रार पाणीपुरवठा खात्याच्या कचेरीत आली. खात्याचाच एक कर्मचारी आमच्या छतातून विनापरवाना पाणीपुरवठा करतो, सबब चौकशी व्हावी, असा मजकूर. तक्रार नोंदवून घ्यायला टेबलावर कोण, तर ज्याच्याविरुद्ध तक्रार तो.

दुसरा कुणी असता तर ती कूलरच्या मागे पडली असती. भाऊसाहेबांनी तिला नंबर दिला, शिक्का मारला आणि गठ्ठ्याच्या तळाशी सारली. मॅनेजरसाहेब समोरच उभे होते.

"याचा निकाल कधी?"

"क्रमाने."

"भाऊसाहेब, माझं छत पडेल!"

"वरच्या अर्जदारांची पडून झाली, साहेब," भाऊसाहेब शांतपणे म्हणाले. मॅनेजरसाहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तेव्हापासून ते रोज सकाळी कचेरीत येऊन गठ्ठा कितपत उतरला ते डोळ्यांनी मोजून जाऊ लागले.

परीक्षा आली तेव्हा भाऊसाहेबांचे के-पर्यंतचे शब्द निकाली निघाले होते. एल ते झेड प्रलंबित. मुलगी आदल्या दिवशी हात जोडून म्हणाली, "बाबा, निदान लुक आणि टेक तरी घ्या!" भाऊसाहेबांनी मान हलवली. संभाषण के-च्या अलीकडे ठेवायचं, असा त्यांचा बेत होता. माणूस मनात आणील तर के-च्या अलीकडेही सुखाने जगू शकतो, असं त्यांना वाटत होतं.

मुख्यालयातल्या त्या खोलीबाहेर दोघंच उमेदवार. आधी टायवाला आत गेला. आतून हसण्याचे आवाज आले. टायवाला परीक्षकांना हसवत होता! बाहेर येताना त्याने अंगठा दाखवला. तो कौतुकाने की हिणवायला, हे त्यांना कळलं नाही, आणि न कळण्याचाच त्रास जास्त झाला.

आत एक वयस्कर परीक्षक बाई बसल्या होत्या. इंग्रजीच्या निवृत्त प्राध्यापिका. शेजारी मुख्यालयाचे उपप्रमुख, जे सबंध वेळ मान डोलवत होते, कारण दुसरं काही केलं असतं तर त्यांना इंग्रजी येत नाही हे उघडं पडलं असतं.

"सकाळी तुम्ही काय काय करता?" बाईंनी इंग्रजीत विचारलं.

भाऊसाहेबांचा चेहरा उजळला. जी! "आय गेट अप," ते म्हणाले. बाई पुढच्या वाक्याची वाट पाहत होत्या. पुढची सगळी कामं के-च्या पलीकडची होती. "आफ्टर गेट अप, आय गेट डाऊन," भाऊसाहेब सांगू लागले. "देन आय गेट इन. देन आय गेट आऊट. देन आय गो ऑन."

उपप्रमुखांनी जोरात मान डोलवली. बाईंनी चष्मा काढून पुसला. निवृत्तीनंतर काय करावंसं वाटतं, कशाची ओढ आहे, असं त्यांनी विचारलं आणि त्यात 'लुक फॉरवर्ड टू' आलं. भाऊसाहेबांनी हात जोडले.

"मॅडम, सॉरी. एल हॅज नॉट बीन टेकन अप. विल बी पुट अप इन ड्यू कोर्स."

"पण हे काय?" बाई चकित झाल्या. "आत्ताच तुम्ही दोन फ्रेझल व्हर्ब्ज वापरलेत. टेक अप, पुट अप."

"नो, मॅडम," भाऊसाहेब ठामपणे म्हणाले. "दॅट इज नॉट फ्रेझल व्हर्ब. दॅट इज ऑफिस."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी कागद बाजूला सारला आणि विचारलं, की एल राहिला तो का? आणि एल अवघड वाटला तर एम का नाही घेतला?

इथे भाऊसाहेबांना काहीतरी झालं. परीक्षा, टायवाला, दार, सगळं बाजूला पडलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. लोकांनी शिव्या दिल्या होत्या, पाया पडले होते, पण 'का' असं कुणी म्हटलं नव्हतं.

"मॅडम, इफ आय टेक एम, एल विल आस्क, व्हाय नॉट मी?" ते बोलू लागले. "माय टेबल, एव्हरी मॅन कम्स. बिग मॅन कम्स विथ कार. पूअर मॅन कम्स विथ बकेट. बिग मॅन सेज, फर्स्ट मी. आय से, नो सर. बकेट केम फर्स्ट. ही शाउट्स. आय सिट. मॅडम, पूअर मॅन हॅज नो कार, नो अंकल, नो फोन. ही हॅज ओन्ली नंबर. इफ आय इट हिज नंबर, ही हॅज व्हॉट?"

व्याकरणाचा चेंदामेंदा झाला होता. पण खोकला आला नाही, आणि आपण इंग्रजी बोलतोय हेही त्यांच्या ध्यानात आलं नाही. उपप्रमुखांची मान पहिल्यांदाच थांबली. बाईंनी काहीतरी बराच वेळ लिहिलं, आणि भाऊसाहेब बाहेर आले ते आपण नापास झालो याची खात्री बाळगूनच.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. अधीक्षक निवृत्त होऊन गेले, आणि टायवाला त्यांच्या रिकाम्या खोलीच्या दारात उभा राहून आत कॉम्प्युटर कुठे बसेल याचा अंदाज घेऊ लागला. एकदा त्याने चुकून भाऊसाहेबांना नुसतं 'अहो' म्हटलं. घरी बायकोने चिठ्ठ्या सोलून काढल्या, परिपत्रक गुंडाळून ठेवलं आणि त्यांना न विचारता भात दुसऱ्यांदा वाढला. ते बघून त्यांना आणखीच भरून आलं.

आणि एका सकाळी टपालात मुख्यालयाचं पाकीट आलं. लाखेचा शिक्का, वर भाऊसाहेबांचा हुद्दा. उन्हाळा कडक होता, पाइप फुटत होते, हॉलमध्ये तक्रारदारांची रांग दारापर्यंत गेली होती. रांगेत मॅनेजरसाहेबही होते. टायवाला कूलरपाशी पाणी पीत होता, पण पेला तोंडाशी तसाच राहिला.

भाऊसाहेबांनी पाकिटावर नंबर घातला. शिक्का मारला. गठ्ठा उचलला, पाकीट तळाशी सारलं आणि गठ्ठा खाली ठेवला. सगळं रीतसर झालं.

मग त्यांनी पुढचा अर्ज उचलला. अर्ज गळतीचा होता. पहिली ओळ त्यांनी वाचली. परत पहिलीच ओळ वाचली. नजर गठ्ठ्याच्या तळाकडे गेली, तिथे लाखेचा लाल कोपरा बाहेर डोकावत होता. हात टेबलावर होता. तो त्यांनी मांडीवर घेतला. थोड्या वेळाने तो आपला आपणच पुन्हा टेबलावर आला.

गठ्ठा उतरायला आठवडा तरी लागला असता. कदाचित दोन. इतकी वर्षं लोक समोर उभे राहून हेच सांगत होते, की थांबवत नाही हो, आणि ते त्यांना खोटं वाटत आलं होतं. भाऊसाहेबांनी गठ्ठा तिरका केला, कोपरा धरला आणि पाकीट ओढलं.

पाकीट फोडल्याचा आवाज कूलरपर्यंत गेला.

पास! अधीक्षकपदी नेमणूक. आणि खाली परीक्षक बाईंचा शेरा. आनंद इतका झाला की गप्प बसवेना. ते उभे राहिले आणि त्यांनी तो शेरा सबंध हॉलला खणखणीत इंग्रजीत वाचून दाखवला. रांगेतल्या लोकांना काही कळलं नाही. "काय म्हणतायत?" एका म्हातारबुवांनी विचारलं.

टायवाला पुढे आला. त्याने कागद हातात घेतला आणि सगळ्यांना समजेल असा, सावकाश, अर्थ सांगितला. "उमेदवाराचं इंग्रजी सुमार आहे. पण इतक्या वर्षांच्या नोकरीत एकही कागद क्रम सोडून न उचलणारा हा एकच माणूस मला भेटला. केवळ या कारणासाठी मी त्यांची शिफारस करते."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे गठ्ठ्याकडे पाहत होते. तो मधूनच कलंडला होता.

मॅनेजरसाहेब रांगेतून पुढे आले. आज ते इंग्रजी बोलले नाहीत. "भाऊसाहेब," त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "त्या गठ्ठ्यात तुमचं पाकीट कितवं होतं?"

भाऊसाहेबांनी कलंडलेला गठ्ठा दोन्ही हातांनी सरळ केला.

मॅनेजरसाहेबांनी गठ्ठ्यात हात घातला, आपली तक्रार शोधून काढली आणि सगळ्यांत वर ठेवली. त्यांच्यामागच्या बाईंनी आपला अर्ज त्याच्यावर ठेवला. मग म्हातारबुवांनी त्याच्यावर. रांग मोडली, माणसं टेबलाभोवती जमली आणि जो तो आपला कागद वर ठेवू लागला. कुणी ओरडत नव्हतं, ढकलत नव्हतं. भाऊसाहेबांना अडवता आलं असतं. त्याला एकच शब्द लागत होता, आणि तो शब्द उच्चारायची त्यांना लाज वाटली.

त्यांनी पेन, शिक्का आणि खुर्चीवरची उशी उचलली आणि ते अधीक्षकांच्या खोलीत गेले. दार लावून घेतलं. खोली छान होती. खिडकीतून मोठं झाड दिसत होतं. खुर्ची मऊ होती. आवाज, ओले पेले, झटकलेले हात, काही म्हणता काही नव्हतं.

दारावर टकटक झाली.

'कम इन' हे सी-मधलं. कधीच निकाली निघालेलं, पुढे बरोबरची खूण, सही. भाऊसाहेबांनी ते म्हणून पाहिलं, पण घशातून खोकलाच आला. टकटक पुन्हा झाली, या वेळी दोन-तीन हातांनी. भाऊसाहेब उठले, चवड्यांवर दारापर्यंत गेले, आणि कडी आतून नीट बसली आहे ना, ते त्यांनी बोटाने चाचपून पाहिलं.